दोन्ही डोळे उघडे हवेत

आधीच सांगून ठेवतो, या गावात ज्याच्याकडे म्हणून ओळखपत्र आहे, त्याचा चेहरा माझ्या हाताखालून गेलेला आहे. सत्तावीस वर्षं मी पासपोर्ट साइजचे फोटो काढतोय. 'हनुवटी खाली, खांदे सरळ, हसू नका' हे मी झोपेतसुद्धा बोलतो, असं बायको सांगते. आणि अशा माणसाला सरकारने म्हणावं, तुम्ही फोटोग्राफर आहात याचं प्रमाणपत्र दाखवा?

एक तारखेपासून सरकारी अर्जाला फक्त प्रमाणित फोटोग्राफरचा शिक्का असलेला फोटो चालणार होता. माझं दुकान या फोटोंवरच चालतं. समारंभाचे फोटो काढायला हल्ली घरोघरी भाचे आहेत. शिक्का नाही तर दुकानाला कुलूप, एवढी साधी गोष्ट होती. मुकाट्याने परीक्षेला बसलो. माझ्या निम्म्या वयाच्या परीक्षकाने मला प्रकाश म्हणजे काय ते विचारलं, तेही गिळलं. पहिला आलो. आता फक्त अर्ज भरून त्यावर स्वतःचा फोटो लावायचा होता. म्हटलं, हा तर आपल्या डाव्या हातचा मळ!

कॅमेरा स्टँडवर ठेवला, टायमर लावला, फोटो काढला, अर्ज दिला. तिसऱ्या दिवशी परत. कार्यालयातल्या बाईंनी लाल शाईने लिहिलं होतं, 'अर्जदाराचा डावा डोळा मिटलेला आहे.'

पुन्हा काढला, पुन्हा मिटलेला. बावीस फोटो काढले, बावीसही तसेच. मग माझ्या लक्षात आलं. सत्तावीस वर्षं मी डावा डोळा मिटून उजव्याने कॅमेऱ्यात बघत आलो. आता फोटोची वेळ आली की तो आपला मिटतो. कॅमेऱ्याच्या मागे आहोत की पुढे, याच्याशी त्याला काही देणंघेणं नाही.

बायकोला सांगितलं, तर ती भाजी चिरता चिरता म्हणाली, "आपल्या लग्नाच्या अल्बममध्येही मिटलेलाच आहे."

अल्बम उघडला. पानापानावर मी हसतोय आणि डावा डोळा बंद.

"इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"मला वाटलं, डोळा मारताय."

"तुझ्या आईशेजारी उभा राहून?"

"तेव्हापासूनच ती तुमच्याशी बेतानं बोलते."

शेवटी कॉम्प्युटरवर उजवा डोळा उलटा करून डाव्याच्या जागी बसवला. काम असं सफाईदार, की माझं मलाच कौतुक वाटलं. अर्ज परत आला. मी तणतणत कार्यालय गाठलं.

"तुमचे दोन्ही डोळे उजवे आहेत," बाई म्हणाल्या.

"मग चांगलंच आहे की."

"फेरफार केलेला फोटो चालत नाही. आता प्रमाणित फोटोग्राफरकडूनच काढून आणा, शिक्क्यासकट."

"बाई, मी स्वतः फोटोग्राफर आहे."

"अजून नाही," त्या म्हणाल्या आणि पुढच्या माणसाला बोलावलं.

गावात प्रमाणित फोटोग्राफर एकच, माझा मेहुणा. कॅमेरा धरायला माझ्याकडे शिकला आणि कसलासा कोर्स करून माझ्याच दुकानासमोर दुकान थाटलं. त्याच्या फोटोंना मी चारचौघांत 'भिंतीचे फोटो, मध्ये माणूस आलाय' असं म्हणत आलो. त्याच्या दारात मी? जीव गेला तरी जाणार नव्हतो. तीस तारखेला दुपारी गेलो. मी वाटेतून परत फिरू नये म्हणून बायको सोबत होती.

"भाऊजी, हनुवटी जरा खाली," मेहुणा म्हणाला. मला!

"खांदे सरळ. हसू नका."

"हसतोय कोण?"

दहा फोटो झाले, वीस झाले, चाळीस झाले. डोळा काही ऐकेना. कार्यालय बंद व्हायला तासभर उरला. माझा सगळा ताठा गळाला. मला खरोखर भीती वाटली.

"राहू दे रे," मी म्हणालो. "उद्या दुकान उघडत नाही."

तेवढ्यात बायको बाकावरून म्हणाली, "अहो, एक सांगायचं राहिलंच. आपल्या मुलीच्या पासपोर्टसाठी तुम्ही काढलेला फोटो परत आला होता. कानामागे सावली पडली होती. मी गुपचूप याच्याकडून दुसरा काढून घेतला."

"काय?"

खटका वाजला. दोन्ही डोळे टक्क उघडे.

"माझे डोळे उघडावेत म्हणून खोटंच बोललीस ना?" मी रस्त्यात तिला विचारलं.

"आधी अर्ज देऊन या, खिडकी बंद होईल," ती म्हणाली.

प्रमाणपत्र आलं. त्यावर तोच फोटो, शिक्क्यासकट. फ्रेम करून काउंटरच्या वर लावलं आणि कोणीतरी बघेल याची वाट बघत बसलो. सकाळी पहिलं गिऱ्हाईक आलं. वयस्कर गृहस्थ होते, नोकरीच्या अर्जासाठी मुलीला घेऊन आले होते. खुर्चीकडे न जाता ते प्रमाणपत्रापुढेच थांबले. मी छाती पुढे काढली.

"वा, काय बोलका फोटो आलाय हो तुमचा," ते म्हणाले. "कोणाकडे काढलात?"

मी माझंच नाव सांगणार होतो. पण त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि फोटोवरचा शिक्का वाचला. त्यात पत्ताही होता.