बाटली काही गुलाबी होईना

डॉक्टरला नाडी कळते, तसं मला पाणी कळतं! आमच्या इमारतीच्या तरणतलावाची देखभाल मी आपणहून अंगावर घेतली, ती याच जोरावर. हात कोपरापर्यंत बुडवून बाटली भरायची, तपासणीचे थेंब टाकायचे. पाणी गुलाबी झालं तर क्लोरीन आहे, खुशाल उतरा. कोरं राहिलं तर नाही, काठावर बसा. इतकं सोपं!

आणि या खेपेला उतरणार होती माझी आत्या. अर्ध्या गावाला पोहायला शिकवलेली बाई! पण ओल्या पायरीवरून घसरली, मांडीचं हाड मोडलं, तेव्हापासून तिनं पाण्याकडे पाठ फिरवली. डॉक्टरांनी बजावलं होतं, "पाण्यात चालला नाहीत, तर पाय कायमचा आखडेल."

म्हणून आदल्या संध्याकाळी मी सढळ हातानं क्लोरीन ओतलं. सकाळी थेंब टाकले. बाटली कोरी! गणिताच्या परीक्षेत माझा चेहरा असायचा, तश्शी.

"क्लोरीन नाहीच!" मी जाहीर केलं.

"काल डबाभर ओतलंत, ते गेलं कुठे?" बायको.

"पाण्यानं पिऊन टाकलं."

"मग आज नको," आत्या काठी टेकत म्हणाली. फारच समजूतदारपणे.

मी आणखी एक डबा ओतला. बाटली कोरी. आणखी ओतला. कोरीच! उग्र वासानं शेजाऱ्यांच्या खिडक्या पटापट मिटल्या. चिमण्यासुद्धा काठावर बसेनात. आत्या रोज तयार होऊन यायची, "मग आज नको" म्हणायची आणि गुणगुणत बसायची,

"पाण्याला नाही पाय, तरी जातं दूरदेशी,
दोन पाय माझ्यापाशी, मी गं बसले काठाशी."

शेवटी बायकोनं माझा हात धरला. "तुमचा हा कामाचा शर्ट निळा होता ना?"

पाहतो तर उजवी बाही कोपरापर्यंत बगळ्यासारखी पांढरी!

"पाण्यात क्लोरीन नाही म्हणता, मग बाहीचा रंग कुणी खाल्ला?"

आत्यानं सुस्कारा सोडला.

"बाटलीत तलावाचं पाणी थोडंसंच घे. वर साधं पिण्याचं पाणी घाल. आता टाक थेंब."

टाकले. बाटली लालभडक!

"क्लोरीन बेसुमार झालं की थेंबांचाच रंग उडतो रे. तुझ्या बाहीचा उडाला तसा."

"तुला माहीत होतं?"

"पहिल्याच दिवशी कळलं."

"मग बोलली का नाहीस?"

आत्या पाण्याकडे बघत म्हणाली, "बाटली गुलाबी झाली असती, तर मला उतरावं लागलं असतं."

कुणी हसलं नाही. बायको तिच्याजवळ जाऊन बसली.

मग तलाव नुसता उन्हात उघडा ठेवला. उन्हानं हळूहळू पाण्याचा राग शोषला, आणि एका सकाळी बाटली तान्ह्या बाळाच्या टाचेसारखी गुलाबी झाली. आत्यानं माझी पांढरी बाही घट्ट धरली. एक पायरी. दुसरी पायरी. आणि माहेरी आलेल्या लेकीला उराशी घ्यावं, तसं पाण्यानं तिला घेतलं. माझे डोळे भरून आले.

"आता तू ये," ती आतून म्हणाली.

"मी?"

"अर्ध्या गावाला शिकवलं, सख्खा भाचा तेवढा कोरडा राहिला! घाबरतोस?"

"छे! फक्त पाणी पुन्हा एकदा तपासतो."

मी बाटली भरली, थेंब टाकले, डोळे मिटले आणि मनोमन विनवलं, बाई गं, आजच्या दिवस कोरी राहा!

मेली गुलाबीच झाली.