दोंग-सिकची गुहा आणि न संपणारी पंगत

एका जंगलात, बाळांनो, राहायला जागा मिळत नव्हती.

तसं जंगल मोठं होतं. झाडं होती, कपारी होत्या, गुहा तर रांगेने होत्या. पण प्रत्येक गुहेबाहेर पाटी होती. कुठे ‘फक्त शाकाहारी कुटुंबांसाठी’, कुठे ‘एकट्या प्राण्यांनी चौकशी करू नये’. एका कपारीवर तर ‘घुबडांनी वेळ घालवू नये’ असंही लिहिलं होतं, कारण घुबडं रात्रपाळीला जातात. हसू नका. तुमच्या आईबाबांनी घर कसं शोधलं ते त्यांना एकदा विचारा.

अशा या जंगलात एक परदेशी अस्वल आलं. त्याचं नाव दोंग-सिक. कोरियाच्या डोंगरातलं, काळंभोर, छातीवर पांढरी चंद्रकोर असलेलं. मधाच्या एका कंपनीने त्याला इथल्या पोळ्यांवर देखरेख करायला पाठवलं होतं. अस्वलाला मधावर नेमणारी कंपनी चालते कशी, हे मला माहीत नाही. दोंग-सिक मात्र प्रामाणिक होता.

त्याची बायको मी-रान आणि तान्हं पिल्लू मागून येणार होते. करकोच्यांच्या थव्याबरोबर. अस्वलं करकोच्यांबरोबर कशी येतील, असं ज्याला विचारायचं असेल त्याने उठून अभ्यासाला बसावं.

कंपनीचा नियम साधा होता. गुहा असेल तर कुटुंब राहील. नसेल तर बायको-पिल्लू त्याच थव्याबरोबर माघारी. आणि एकट्या अस्वलाला गुहा द्यायला कोणी तयार नव्हतं. म्हणजे गुहा नाही म्हणून कुटुंब नाही, आणि कुटुंब नाही म्हणून गुहा नाही. दोंग-सिकची झोप उडाली. अस्वलाची झोप उडणं म्हणजे काय ते तुम्हाला कळायचं नाही. पिल्लाला त्याने अजून नीट पाहिलंही नव्हतं.

एकच गुहा रिकामी होती. ती भाऊराव हत्तींची. भाऊराव स्वतः त्या गुहेत मावत नसत. गुंतवणूक म्हणून घेऊन ठेवली होती. शिवाय भाऊराव मनाने मोठे, असं सगळे म्हणत. त्यांनी नुकतंच नवं घर बांधलं होतं आणि दोंग-सिकला जेवायला बोलावलं होतं. आज गुहेचं विचारायचंच, असं ठरवून दोंग-सिक अंगावरचा केसन्‌केस विंचरून निघाला.

त्याच्या देशात नव्या घरी जाताना कागदाच्या गुंडाळ्या नेतात. तसल्या. न्हाणीघरापलीकडे लागतात त्या. गुंडाळी जशी सरसर उलगडते तशी घरातली सगळी कामं सरसर होवोत, अशी त्यामागची सदिच्छा. दोंग-सिकने चांगला गठ्ठाच नेला. दारात कमरेत वाकून, दोन्ही पंजांनी त्याने तो भाऊरावांच्या बायकोच्या, अनसूयाबाईंच्या पुढे धरला.

अनसूयाबाईंनी गठ्ठा पाहिला. मग दोंग-सिककडे पाहिलं. मग आत जाऊन त्या नवऱ्याला हळूच म्हणाल्या की हा पाहुणा किती जेवायच्या तयारीने आलाय बघा.

त्यातून देताना त्याने डावा पंजाही लावला होता. या जंगलात डाव्या पंजाने काय करतात ते मी इथे सांगत नाही. पण त्या गुंडाळ्या आणि तो पंजा एकाच वेळी पुढे आल्यामुळे अनसूयाबाईंना दिवसभर कसंसंच होत राहिलं.

दोंग-सिक बसला आणि पहिला प्रश्न त्याने असा विचारला, की साहेबांचं वय काय.

आता त्याचंही चुकलं नव्हतं. त्याच्याकडे थोरल्या-धाकट्याचा हिशेब लागल्याशिवाय गाडी पुढेच जात नाही. किती वाकायचं, काय म्हणून हाक मारायची, आधी कोणी खायचं, सगळं वयावर. पण भाऊराव त्या वर्षी जंगलाच्या रहिवासी मंडळाच्या निवडणुकीला उभे होते, तेही युवा आघाडीकडून. कानांच्या कडा त्यांनी कालच काळ्या करून घेतल्या होत्या. त्यांनी घसा खाकरून तिशीतलं काहीतरी सांगितलं. तेवढ्यात स्वयंपाकघरातून अनसूयाबाई म्हणाल्या, “अहो, तिशी तर आपल्या थोरल्याने ओलांडली.”

दोंग-सिक निर्धास्त झाला. भाऊराव थोरले, आपण धाकटे. आता काही चुकायची भीती नाही, असं त्याला वाटलं.

मग पानं मांडली.

आता नीट ऐका, कारण इथून गोष्ट जरा जड होते. पोटाला जड.

दोंग-सिकच्या देशात थोरला जेवतोय तोवर धाकट्याने हात थांबवायचा नसतो. थोरल्यांच्या घरी वाढलेलं नाही म्हणायचं नसतं. आणि पानात टाकायचं तर मुळीच नसतं. या जंगलात पाहुणा जेवतोय तोवर यजमानाने उठायचं नसतं. त्याला सोबत म्हणून आपणही दोन घास घेत राहायचं असतं. आणि पाहुण्याचं पान रिकामं दिसलं की वाढायचं असतं.

झालं. दोंग-सिकने पान चाटूनपुसून साफ केलं. अनसूयाबाईंनी वाढलं. भाऊराव सोबतीला खात राहिले. भाऊराव खातायत म्हणून दोंग-सिक खात राहिला. दोंग-सिक खातोय म्हणून भाऊराव खात राहिले. बांबूच्या कोंबांची भाजी संपली. फणसाची सांदणं संपली. उंबरांचं भरीत संपलं. अनसूयाबाई शेजारच्या सांबरांकडून पातेलंभर काहीतरी घेऊन आल्या, तेही संपलं.

मधूनमधून मोहाचं सरबत होतं. भाऊराव त्याला सरबतच म्हणत. थोरल्यांच्या समोर असलं पेय पिताना दोंग-सिकच्या देशात तोंड बाजूला वळवतात, आदर म्हणून. त्याने प्रत्येक घोटाला तोंड फिरवलं. अनसूयाबाईंना वाटलं सरबत बिघडलंय, म्हणून त्यांनी त्यात गूळ घातला. त्याने पुन्हा तोंड फिरवलं. त्यांनी पुन्हा गूळ घातला. शेवटी ते सरबत चमच्याने खावं लागलं.

दोंग-सिकच्या डोळ्यांत पाणी आलं. ते भाऊरावांनी पाहिलं आणि गहिवरून बायकोला म्हणाले, “अगं वाढ, आवडलंय त्याला.”

ही पंगत थांबली ती एकाच कारणाने. भाऊराव बसल्या जागी कलंडले. त्यांची सोंड पानावर आडवी पडली. थोरल्यांनी हात थांबवला असं समजून दोंग-सिकने आपला चमचा खाली ठेवला, झोपलेल्या भाऊरावांना वाकून नमस्कार केला आणि चारही पायांवर घरंगळत घरी गेला. घरी म्हणजे एका आंब्याखाली.

गुहेचं विचारायचं राहूनच गेलं.

दुसऱ्या दिवशी भाऊराव जंगलभर सांगत होते की असा अधाशी प्राणी जन्मात पाहिला नाही. आणि दोंग-सिक आंब्याखाली पोट धरून विचार करत होता, की थोरल्यांनी आपल्याला एवढी शिक्षा का केली असेल.

अशा वेळी जंगलात कोण येतं? बरोबर. सल्लागार येतो.

हे कोल्हे सर. पूर्वी ते द्राक्षांच्या धंद्यात होते, तिथे काही जमलं नाही. आता ‘परदेशी शिष्टाचार प्रशिक्षण वर्ग’ चालवत. कोरियाला गेले नव्हते, पण कोरियन मालिका त्यांनी एवढ्या पाहिल्या होत्या की एखाद्याने छत्री उघडली तरी त्यांचे डोळे भरून येत. सकाळी त्यांनी दोंग-सिकला शिकवलं. दुपारी भाऊराव आणि अनसूयाबाईंना शिकवलं. सकाळच्याला दुपारचं सांगितलं नाही आणि दुपारच्यांना सकाळचं. याला ते गोपनीयता म्हणत.

दोंग-सिकला सांगितलं की इथे कोणी काही विचारलं की आधी ‘नको’ म्हणायचं. दुसऱ्यांदाही ‘नको’च म्हणायचं. मग ते आग्रह करतील, तेव्हा नाइलाजाने घ्यायचं. आणि भेटल्यावर मोठ्यांच्या पायांना हात लावायचा.

भाऊरावांना सांगितलं की ते लोक फार सरळ. ‘नको’ म्हणाले तर नको. आग्रह केला की त्यांना जुलूम वाटतो. आणि भेटल्यावर कमरेत वाकायचं, वस्तू दोन्ही हातांनी द्यायची.

सगळे मन लावून शिकले. वाईट इतकंच की सगळेच शिकले.

दुसऱ्या जेवणाचा दिवस ठरला. त्याच दिवशी करकोचे उतरणार होते. दोंग-सिकने सकाळपासून काही खाल्लं नव्हतं, कारण मागचा अनुभव होता. मी-रानला निरोप ठेवला होता की उतरलीस की हत्तींच्या घरी ये, तोवर त्यांच्या रिकाम्या गुहेचं पक्कं झालेलं असेल.

दारात दोंग-सिक भाऊरावांच्या पाया पडायला खाली गेला, त्याच क्षणी भाऊराव कमरेत वाकले. हत्तीचं कपाळ आणि अस्वलाचं डोकं यांची भेट झाली. झाडावरची माकडं दाद देऊन गेली. दोघांच्याही कपाळांवर टेंगळं आली, आणि दोघांनीही दुसऱ्याची क्षमा मागितली.

मग भाऊरावांनी स्वागताचा नारळ सोंडेत धरला. दोन्ही हातांनी द्यायचा म्हणून पुढचा एक पाय उचलून सोंडेला लावला. हत्तीने असं करू नये. नारळ एकीकडे गेला, भाऊराव दुसरीकडे गेले, आणि नवं घर मधे होतं.

भिंतीतून भाऊरावांना बाहेर काढल्यावर सगळे पानांवर बसले. सांदणांचा वास सुटला होता. अनसूयाबाईंनी विचारलं, वाढू का? दोंग-सिक म्हणाला, नको. आत्ताच झालंय.

जन्मात अनसूयाबाईंनी असं कधी ऐकून घेतलं नव्हतं. पण कोल्हे सरांचं स्मरण करून त्या म्हणाल्या, “बरं.” आणि पातेलं उचलून आत नेलं.

दोंग-सिक दुसऱ्या ‘नको’ची तयारी करून बसला होता. ती संधीच आली नाही. पाहुणा जेवत नाही म्हणून भाऊराव जेवेनात. मागच्या वेळच्या अजीर्णामुळे त्यांचंही सकाळपासून लंघन होतं. दोघं कोऱ्या पानांसमोर बसून एकमेकांकडे पाहून हसत राहिले. अधूनमधून कोणाचं तरी पोट गुरगुरे. आपण ऐकलंच नाही असं दोघंही दाखवत. मालिका पाहता का, नाही पाहत. पाऊस बरा झाला का, झाला. गुहेचा विषय दोंग-सिकच्या ओठांवर यायचा आणि परत जायचा. ज्यांनी आपल्याला जेवायलाही दिलं नाही, ते गुहा काय देणार?

करकोचे उतरले तेव्हाही ते असेच बसलेले होते.

मी-रान पिल्लाला पाठीवर घेऊन आली. लांबच्या प्रवासाने तिचे केस विस्कटले होते. पिल्लू रडून रडून घोगरं झालं होतं. तिने नवऱ्याकडे पाहिलं. तो बारीक झाला होता आणि कपाळावर टेंगूळ होतं. त्याने डोळ्यांनीच खूण केली, थांब, बोलू नकोस. थव्याचा म्हातारा म्होरक्या बाहेर फांदीवर बसून वाट पाहत होता. गुहा नसेल तर माघारी न्यायची जबाबदारी त्याच्यावर होती.

अनसूयाबाईंनी पाण्याचा द्रोण पुढे केला आणि शिकवल्याप्रमाणे विचारलं, काही घेणार का?

मी-रानने कोणाच्याच वर्गाला हजेरी लावली नव्हती.

“हो,” ती म्हणाली. “माझं पिल्लू उपाशी आहे. मीही उपाशी आहे. आणि हे माझे यजमान तर आत्ता पडतील. जे असेल ते द्या, काकू. आणि आम्हाला राहायला गुहा हवी आहे. तुमची रिकामी आहे ना? द्याल का?”

असं बोलणं या जंगलात बसत नव्हतं आणि कोरियाच्या डोंगरातही बसत नव्हतं. दोंग-सिकने दोन्ही पंजांनी तोंड झाकलं.

अनसूयाबाईंना मात्र रडू कोसळलं. त्या आत धावल्या आणि सगळी पातेली एकदमच घेऊन आल्या.

भाऊराव हळूच म्हणाले, “गुहा तर तुमच्याचसाठी झाडून ठेवलीय. पहिल्या दिवसापासून. यांनी मागितलीच नाही. आपण होऊन दिली असती तर यांना वाटलं असतं, हा आपल्याला गरजू समजतो.”

दोंग-सिक तोंडावरचे पंजे न काढताच म्हणाला, “थोरल्यांकडे तोंड उघडून मागायचं कसं? तुम्ही विचाराल म्हणून मी थांबलो होतो.”

मी-रान पिल्लाला भरवत होती. बाहेर म्हाताऱ्या करकोच्याने पंख झटकले आणि तो एकटाच उडून गेला. ते पाहून दोंग-सिकला इतका आनंद झाला की तो हुंदके देत जेवला.

खरं तर गोष्ट इथेच संपायला हवी. पण जेवता जेवता दोंग-सिक भाऊरावांच्या कानाशी वाकला आणि ओशाळून म्हणाला, की बायकोला माफ करा, जरा फटकळ आहे. भाऊराव तोंडातलं सांदण सावरत म्हणाले, चालायचंच, नवीन आहे, शिकेल हळूहळू. दोघांनी एकमेकांकडे समजुतीने पाहिलं आणि त्या दिवसापासून त्यांची जिवाभावाची मैत्री झाली. दुसऱ्या दिवशी जंगलभर बोलबाला होता, की हत्ती आणि अस्वल काय सुसंस्कृत आहेत. फक्त ती नवी बाई तेवढी उद्धट.

तात्पर्य, बाळांनो, पाटीवर लिहून घ्या: सभ्य गृहस्थाने आपला शिष्टाचार कधीही सोडू नये. तो सोडायला घरात बाई असते. तिच्यामुळे आपल्याला पोटभर जेवताही येतं, आणि जेवता जेवता तिला नावंही ठेवता येतात.