बळवंतराव अस्वल आणि पंचमांचं चक्र

मुलांनो, मांडी घालून बसा. एका जंगलात एक बँड होता आणि त्या बँडमध्ये बळवंतराव अस्वल बेस गिटार वाजवायचे.

बेस म्हणजे चार जाड तारांची गिटार. ती कानाला फारशी कळत नाही, पोटाला कळते. बळवंतरावांना दोनच सूर यायचे. पण ते असे घुमायचे की लग्नात कासवंसुद्धा नाचायची.

एकदा घुबडशास्त्री त्यांना म्हणाले, "छान वाजवता. पंचमांचं चक्र झालंच असेल तुमचं?"

"झालंय की!" बळवंतराव म्हणाले. त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नाही.

मग ते गुपचूप शास्त्रीबुवांकडे शिकायला जाऊ लागले. ऐकायला सोपं होतं. एका सुराला सा म्हणायचं. शेजारच्या बारीक तारेवर दोन पडदे, म्हणजे गिटारीच्या दांड्यावरच्या दोन आडव्या पट्ट्या, पुढं गेलं की त्याचा पंचम, म्हणजे प, सापडतो. आता त्या पंचमालाच सा म्हणायचं आणि त्याचा पंचम शोधायचा. असे बाराही सूर फिरायचे.

"मग काय होतं?" त्यांच्या बायकोनं, इंदूताईंनी विचारलं.

"मग आपण पुन्हा पहिल्या सुरावर येतो!"

"अहो, मग निघायचं कशाला?"

बळवंतरावांनी तिच्याकडे दयेनं पाहिलं. आदल्या दिवशी आपणही शास्त्रीबुवांना हेच विचारलं होतं, हे त्यांनी सांगितलं नाही.

त्यांनी गुहेच्या भिंतीवर कोळशानं चक्र काढलं. पंजे सोलवटले. पहिल्यांदा चक्र पुरं झालं तेव्हा ते एकटेच बसून रडले. खरंच रडले हो, हसू नका.

पुढं साळिंदराचं लग्न आलं. आज चक्र वाजवायचं नाही, असं बळवंतराव स्वतःला बजावून आले होते. पण पहिल्याच रांगेत शास्त्रीबुवा दिसले आणि पंजा चक्रावर निघाला.

बँडचा म्होरक्या कोकीळ गात होता. बेस सरकला तसा बिचाऱ्यानं सूर बदलला. पुन्हा बदलला. मग त्याचा आवाजच फाटला. नाचणारे एकमेकांच्या पायावर पडले. नवरदेवाचे काटे उभे राहिले. बळवंतरावांना सगळं दिसत होतं. पण त्यांना पुढचा पंचमही दिसत होता.

पहिल्या सुरावर परत आले तेव्हा मांडवात फक्त शास्त्रीबुवा उरले होते. दिवसाचं लग्न. ते केव्हाच झोपले होते.

"उद्यापासून येऊ नका," कोकीळ घोगऱ्या आवाजात म्हणाला. बळवंतरावांच्या जागी रानडुक्कर आलं. त्याला एकच सूर येतो.

बळवंतराव गुहेत तोंड लपवून बसले. दुसऱ्या दिवशी सशीणबाई लेकीला घेऊन आल्या.

"काल आम्हाला काही म्हणजे काही कळलं नाही हो! इतकं अवघड इथं कुणीच वाजवत नाही. आमच्या कुसुमला शिकवाल?"

बळवंतरावांना खरं सांगून टाकावंसं वाटलं. पण तोंडातून निघालं, "सकाळच्या तुकडीत जागा आहे."

आता त्यांच्या गुहेत बसायला जागा नसते. स्वतः ते कुठं वाजवत नाहीत. कुणी विचारलंच तर म्हणतात, "मी त्याच्या पलीकडे गेलो."

तात्पर्य: जे शिकून आपलं काम सुटलं, ते दुसऱ्यांना शिकवावं. यालाच दांडगा अनुभव म्हणतात.