नऊशे नव्व्याण्णव आणि एक

भर दुपारी, कुणाचाही हात लागलेला नसताना, बाबांच्या कॉम्प्युटरचा पंखा घरघरू लागला. पडद्यावर एक निळे, गाठीगाठींचे वेटोळे उगवले आणि स्वतःभोवती सावकाश फिरू लागले. पाठोपाठ आईच्या शिवणाच्या खोलीत घरघर. मग धाकटीच्या टेबलावर. तीन खोल्या, तीन वेटोळी, आणि फिरणे अगदी एका तालात!

आईने माऊस हलवला. वेटोळे गायब.

"हात लावला की जातंय," ती कुजबुजली. "बसा एकेक जण धरून!"

बसले. दोन तास. हात जरा सुटला की घरघर पुन्हा सुरू.

"काहीही न करता इतका वेळ मी फक्त ऑफिसात बसलोय," बाबा म्हणाले.

साडेपाचला ताई धापा टाकत आली. "मेले मी! सहापर्यंत प्रथिनाच्या वेटोळ्याचा आकार सरांना गेला नाही तर माझं दोन वर्षांचं संशोधन दुसऱ्या गटाला जाईल. एक वेबसाइट या कामाचे हजार तुकडे करून जगभरच्या रिकाम्या, कुणी वापरत नसलेल्या कॉम्प्युटरांना वाटते. सकाळीच मी आपलेही तीन नोंदवले. नऊशे सत्त्याण्णव तुकडे झाले, आणि उरलेले तीन कुठे अडलेत देव जाणे!" मग तिचे लक्ष गेले. "तुम्ही माऊस धरून काय बसलात?"

"भूत अडवतोय," धाकटी म्हणाली.

"भूतबीत काही नसतं! सोडा आधी!"

"आजोबा असते तर ओरडले असते," बाबा हात काढत पुटपुटले. आजोबा घड्याळजी. अर्धवट सोडलेले काम त्यांना कधी खपले नाही. त्यांचा कॉम्प्युटर ते गेल्यापासून चादरीत गुंडाळून माळ्यावर पडला होता.

पंखे पुन्हा घरघरले. नऊशे अठ्ठ्याण्णव. नऊशे नव्व्याण्णव. सहाला चार मिनिटे कमी, आणि फट्‌कन वीज गेली.

घर चिडीचूप झाले. ताईच्या मांडीवरचा लॅपटॉप तेवढा बॅटरीवर आणि मोबाइलच्या नेटवर जिवंत. ताई रडायच्या बेतात होती.

तेवढ्यात डोक्यावर, माळ्यावर, काहीतरी घरघरले.

लॅपटॉपवर अक्षरे उमटली : काम पूर्ण. शेवटचा तुकडा सोडवणारा कॉम्प्युटर – 'घड्याळजी'.

"हा... हा मी नोंदवला नव्हता," ताई पांढरीफटक पडली.

"त्याची वायरसुद्धा माझ्या कॉम्प्युटरला लावलीय," आई म्हणाली.

"भूतबीत नसतं ना गं, ताई?" धाकटीने गोड आवाजात विचारले.

"आधी सरांना पाठव!" आईने दटावले. ताईने पाठवले. मग आईने पदर सावरला, माळ्याकडे तोंड केले आणि रोजचे सांगावे तसे सांगितले, "मामंजी, झालं हो काम. करा आता बंद."

ताईने घाईघाईने तिचा हात धरला.

"आई, थांब ना," ती हळूच म्हणाली. "पुढचं प्रथिन याहून मोठं आहे."