लॉगबुक गेलं एटापल्लीला

बुधवारी सकाळी साडेनऊ वाजता डॉक्टर पियुष बाळंतपणाच्या वॉर्डात उभा होता आणि त्याच्या हातात एक कागद होता. तो कागद त्याच्या हातात असायलाच नको होता. तो रुपी नावाच्या बाळंतिणीचा सुटीचा कागद होता, आणि रुपी तर आदल्या दिवशी दुपारीच सरकारी गाडीतून बाळासकट एटापल्लीकडे आपल्या गावी गेली होती.

"मॅडम, रुपीचा सुटीचा कागद माझ्याजवळच राहिला," पियुष म्हणाला.

"मग तिला काय दिलंस?" डॉक्टर दिव्यानी रामटेकेने विचारलं.

पियुष टेबलाच्या कोपऱ्याकडे बघत राहिला. मग दिव्यानीही तिकडे बघू लागली. त्या कोपऱ्यात हिरव्या पुठ्ठ्याचं तिचं लॉगबुक असायला हवं होतं. तिथे आता फक्त चहाच्या कपाचा गोल डाग होता.

लॉगबुक ही काय चीज आहे हे सांगायला हवं. एमबीबीएस झाल्यावर बाळंतपणाचा मोठा डॉक्टर व्हायला आणखी तीन वर्षं लागतात, आणि तिन्ही वर्षांची तऱ्हा वेगळी. पहिल्या वर्षाचा डॉक्टर रक्ताच्या बाटल्या पोचवतो, सलाइन लावतो, कागद लिहितो आणि स्ट्रेचर रिकामं दिसलं की त्यावर झोपतो. दुसऱ्या वर्षाचा प्रसूतिगृह सांभाळतो आणि तीन महिने जिल्ह्यातल्या लांबच्या दवाखान्यात राहून येतो. तिसऱ्या वर्षाचा ऑपरेशनं करतो, प्रबंध लिहितो आणि पहिल्या वर्षाच्या डॉक्टरवर ओरडतो. या सगळ्या चढणीचा पुरावा लॉगबुकात असतो. प्रत्येक बाईची एक ओळ. त्या ओळीत 'पाहिलं', 'मदत केली', 'देखरेखीखाली केलं' किंवा 'स्वतः केलं' यांतलं एक लिहायचं, पुढे मार्गदर्शकाची सही घ्यायची, आणि शेवटच्या रकान्यात सहा आठवड्यांनी आई-बाळ कसे आहेत ते नोंदवायचं.

तो शेवटचा रकाना कोणीही भरत नसे. बाई एकदा घरी गेली की कोरपन्याची असो नाहीतर एटापल्लीची, ती काही 'मी बरी आहे' हे कळवायला परत येत नाही. म्हणून वही जमा करायच्या आदल्या दिवशी एका बैठकीत, एकाच पेनाने, वरपासून खालपर्यंत 'बरी आहे, बरी आहे' लिहून काढायची वहिवाट पडली होती. विभागप्रमुख सत्यशीला मॅडमना ही वहिवाट ठाऊक होती आणि ती पाहून त्यांचं डोकं फिरत असे.

दुसरी वहिवाट अशी, की वहीवर सह्या आणायला तिसऱ्या वर्षाच्या डॉक्टरने स्वतः फिरायचं नाही. ते पहिल्या वर्षाच्याने करायचं. त्यामुळे मंगळवारी पियुषच्या काखेत दिव्यानीची वही होती, हातात तसल्याच हिरव्या पुठ्ठ्यांत घातलेले अकरा बायांचे सुटीचे कागद होते आणि खाली गाडीवाला भोंगा वाजवत होता. पियुषने एक हिरवा पुठ्ठा रुपीच्या सासूच्या, केसरबाईच्या, पिशवीत घातला आणि वर बजावलंही, "आजी, हे जपून ठेवा. हरवू देऊ नका."

"शनिवारी बाराला वही जमा करायची आहे," दिव्यानी शांतपणे म्हणाली. ती शांत झाली की पियुषला जास्त भीती वाटे. "वही नाही तर अर्ज पुढे जात नाही. अर्ज नाही तर परीक्षा नाही. सहा महिने गेले, पियुष."

सहा महिन्यांपेक्षा मोठी भानगड कोरपन्यात होती. तिथे दिव्यानीचे वडील गुणवंतराव राहत. पोरगी अजून शिकतेच आहे, हे लोकांना सांगून सांगून ते दहा वर्षांत थकले होते, आणि या वर्षी त्यांनी अख्ख्या गावाला छातीठोकपणे सांगून टाकलं होतं की आता संपलं. कालच त्यांचा फोन आला होता. "औंदा पक्कं ना, बाई? लोकं इचारून राह्यले. मी जेवणाचं बी बोलून बसलो." आता त्यांना काय सांगायचं?

कागदावर रुपीच्या नवऱ्याचा, लच्छूचा, नंबर होता. तो दिवसभर संपर्कक्षेत्राच्या बाहेर होता. मग अजयने, म्हणजे दिव्यानीच्याच वर्षाच्या डॉक्टरने, तिची ड्युटी घेतली आणि गुरुवारी पहाटेच्या एसटीने दिव्यानी आणि पियुष निघाले. आष्टी येईपर्यंत पियुषने सात वेळा माफी मागितली. आलापल्लीला दिव्यानीने त्याला सांगितलं की आता आणखी एकदा मागितलीस तर इथेच उतरवीन. एटापल्लीला उतरून, काळीपिवळी जीप करून, शेवटचे दोन किलोमीटर चालून ते रुपीच्या गावी, हिदूरटोल्याला, पोचले तेव्हा दुपार झाली होती आणि केसरबाईच्या अंगणात मोहफुलं वाळत घातलेली होती.

"जोहार, डाक्टरबाई!" केसरबाई उठल्या. "पाहा वो, एवढ्या दूर पोराले पाह्याले आल्या! आमच्या दवाखान्याची गोष्टच न्यारी."

आता यावर काय बोलणार? दिव्यानीने निमूटपणे बाळ पाहिलं, रुपीला तपासलं. दोघंही ठणठणीत होती. खरं म्हणजे तपासताना बाळाने फोडलेला टाहो ऐकून तिला बरं वाटलं, कारण मागच्या शनिवारी हेच बाळ जन्मताना तिच्या तोंडचं पाणी पळालं होतं. डोकं बाहेर आलं आणि खांदा अडकला होता. सत्यशीला मॅडम ऑपरेशनमध्ये होत्या. अशा वेळी काय काय करायचं हे दिव्यानीने पियुषकडून ओळीने पाठ करून घेतलं होतं, आणि नेमकी तीच ओळ त्या क्षणी तिच्या डोक्यातून पसार झाली. सोबतीला उभ्या असलेल्या केसरबाईंनी चाळीस वर्षं गावात सुईणपण केलेलं. त्या म्हणाल्या, "बाई, तिले चारी हातापायावर कर. लवकर." केलं, आणि खांदा सुटला. बाळ रडल्यावर दिव्यानी म्हणाली होती, "आजी, आज तुम्ही मला शिकवलं."

"आजी, माझी एक हिरवी वही तुमच्या पिशवीत आली," दिव्यानी आता म्हणाली.

"आली ना. पण आधी जेवा."

"आजी, वही..."

"वही कुठी पळून जाते? जेवा."

भात आणि अंबाडीची भाजी समोर आली. पियुषने दोनदा भात घेतला, आणि दिव्यानीने त्याच्याकडे असं पाहिलं की तिसऱ्यांदा त्याने नको म्हटलं. हात धुऊन झाल्यावर केसरबाई म्हणाल्या, "वही तं रीताबाईनं नेली."

"कोण रीताबाई?"

"आमची आशाताई. ते घरी पाह्याले आली होती. वही उघडली अन् म्हणे, हे तं अधुरी हाय. खाने रिकामे हायत. आज सभा हाय तिची, तिथी घेऊन गेली."

"सभा कुठे आहे?"

"एटापल्लीले."

म्हणजे जिथे ते दोन तासांपूर्वी एसटीतून उतरले होते तिथेच. लच्छूने मोटरसायकल काढली. तिघं तिच्यावर कसे मावले हे पियुषला पुढे कोणालाच नीट सांगता आलं नाही.

एटापल्लीत आशाताईंची महिन्याची सभा संपली होती, पण एकही आशाताई घरी गेली नव्हती. गावागावांतून बाळंतिणींच्या घरी जाऊन आई-बाळाची खबर ठेवणाऱ्या या बाया. सतराअठरा जणी सतरंजीवर गोल बसल्या होत्या. प्रत्येकीच्या मांडीवर आपापली डायरी उघडी होती आणि दिव्यानीचं लॉगबुक एकीच्या मांडीवरून दुसरीच्या मांडीवर फिरत होतं. एकीच्या हातात निळं पेन, दुसरीच्या हातात हिरवं, आणि तिसरी शाईच्या पॅडवर शिक्का दाबत होती.

दिव्यानी दारातच थांबली. तीन वर्षं जपलेली वही, परीक्षकांपुढे ठेवायची वही, आणि त्यावर हे! तिला रडू येऊ लागलं.

"अवो मॅडम! तुम्ही काऊन आल्या?" रीताबाई उठल्या. "पुढच्या मंगळवारच्या गाडीनं आम्ही पाठवणारच होतो."

"रीताबाई, हे काय करून राहिल्या तुम्ही?"

"पूर्ण करून राह्यलो. आमच्या तालुक्याच्या बायांचे एकशेचौदा खाने रिकामे होते, मॅडम. एकशेचौदा!" रीताबाईंच्या आवाजात खरी काळजी होती. "आमचा एक खाना रिकामा राह्यला तं साहेब सगळ्यांसमोर बोलते. तुम्हाले कोणी बोललं नाई काऊन?"

दिव्यानीने वही घेतली. मागच्या वर्षी तीन महिने ती अजयबरोबर याच भागातल्या दवाखान्यात होती; त्या पानांवर तिचं टापटीप अक्षर होतं आणि शेवटच्या रकान्यात निरनिराळी अक्षरं दाटीवाटीने बसली होती. ती वाचू लागली.

'बाळ साडेचार किलो. आई रोवण्याले गेली, मी शेतात जाऊन भेटली.'

'आई रागावून माहेरी. बाळ संगं. दोघं मस्त.'

'आई मिरची तोडाले तेलंगणात. बाळ घेऊन गेली. भेट नाई. फोनवर रडणं ऐकलं, जोरदार.'

'पोरीचं नाव डाक्टर ठेवलं. बदलाले सांगितलं, आयकत नाई.'

दिव्यानी खाली सतरंजीवर बसली. ही तिच्या हातची मुलं होती. त्यांना जग दाखवून ती पुढच्या बाईकडे वळली होती, आणि ती मुलं रडायची, वजन वाढवायची, मिरचीच्या शेतात जायची, हे कोणीतरी रोज चालत जाऊन पाहत होतं. आता तिला रडू आलंच, पण ते निराळं होतं.

"रडू नका, मॅडम. सगळं पूर्ण हाय आता," रीताबाई घाईने म्हणाल्या. "एक सही राह्यली होती, तेही आम्ही घेतली."

दिव्यानी नाक पुसत होती. सहीचं तिच्या कानात शिरलंच नाही.

शुक्रवारी दुपारी अजयने वही चाळली आणि तो पोट धरून हसला. "आता चंद्रपूरकडच्या बायांचे रकाने तेवढे रंगव. वीस मिनिटांचं काम आहे. मी तर कालच संपवलं."

दिव्यानीने पेन उघडलं. पहिल्या ओळीत 'ब' लिहायला हात पुढे केला. पण त्या 'डाक्टर' नावाच्या पोरीनंतर असं काहीबाही लिहायला तिचा हात धजेना. तिने पेन बंद केलं आणि रकाने रिकामे सोडले.

शनिवारी साडेअकराला दिव्यानी आणि अजयच्या वह्या सत्यशीला मॅडमच्या टेबलावर होत्या. पियुष दाराशी, देवाला आठवत. मॅडमनी दोन्ही वह्या शेजारी उघडल्या. एका ऑपरेशनची बाई दोघांच्या वहीत होती. दिव्यानीने केलं होतं, अजयने मदत केली होती.

"अजय, तू लिहिलंस, 'सहा आठवड्यांनी तपासली, आई-बाळ उत्तम.' आणि इथे लिहिलंय की ती तेलंगणात मिरची तोडायला गेली. तू तेलंगणात गेला होतास का?"

अजय खिडकीबाहेर बघू लागला. मॅडम दिव्यानीची पानं उलटत राहिल्या, आणि मग विभागात तीन वर्षांत न घडलेली गोष्ट घडली. मॅडम हसल्या. "डाक्टर! आणि बदलायला तयार नाहीत!" मग एकदम गंभीर होऊन त्यांनी विचारलं, "हे चंद्रपूरकडचे रकाने रिकामे का?"

"त्या बायका कशा आहेत हे मला माहीत नाही, मॅडम. म्हणून लिहिलं नाही."

मॅडम नोंदींच्या शेवटच्या पानावर आल्या. रुपीची ओळ. मार्गदर्शकाच्या सहीच्या जागी एक जांभळा, ठसठशीत अंगठा होता आणि त्याखाली रीताबाईंच्या अक्षरात लिहिलं होतं: 'केसरबाई, सुईण. हिनं शिकवलं.'

दिव्यानी तो आत्ता पहिल्यांदाच पाहत होती. सगळं इथपर्यंत आणून शेवटी अंगठ्यावर बुडणार होतं.

"काय शिकवलं यांनी?" मॅडमनी विचारलं.

"बाळाचा खांदा अडकला होता. मला सुचत नव्हतं. त्या म्हणाल्या, चारी हातापायांवर कर. केलं आणि बाळ आलं."

"हे पुस्तकात आहे."

"हो मॅडम. पण तेव्हा पुस्तक आठवलं नाही. केसरबाई समोर होत्या."

"मग इथे 'स्वतः केलं' असं का लिहिलं आहे?"

दिव्यानीने टेबलावरचं पेन उचललं, 'स्वतः केलं' यावर एक सरळ रेघ मारली आणि वर लिहिलं, 'देखरेखीखाली केलं'.

मॅडमनी ती ओळ पुन्हा वाचली. सहीसाठी उघडलेलं पेन त्यांनी अंगठ्याजवळ नेलं आणि मागे घेतलं. "इथे माझी सही नको," त्या म्हणाल्या. "इथे झाली आहे." मग पान उलटून, प्रशिक्षण पूर्ण झाल्याच्या दाखल्यावर त्यांनी लांबलचक सही ठोकली. घड्याळात बाराला दहा मिनिटं होती, आणि आता कोरपन्यात जेवणाची तयारी खुशाल करता येणार होती.

"पियुष, आत ये," मॅडमनी हाक मारली. "एटापल्लीकडची पुढची बाई घरी कधी जाते आहे?"

"सोमवारी, मॅडम."

"अजयला मी आठ दिवस वाढवून देते. त्याची वही त्या बाईच्या पिशवीत घाल."

पियुषने वही घेतली, काखेत धरली आणि दारापर्यंत जाऊन मागे वळला.

"मॅडम," त्याने जपून विचारलं, "तिचा सुटीचा कागदही घालू का?"