नववं प्रकरण आणि कठड्याचे गज

"माझं डोकं जाणारच नाही!" काडी म्हणाली. "हवं तर आत्ता दाखवते!"

इतक्या आत्मविश्वासाने ती त्यानंतर पुष्कळ वर्षं काही बोलली नाही.

काडी म्हणजे पंधरा वर्षांची, उंच आणि इतकी किडकिडीत मुलगी, की तिच्या अंगावर शाळेचा गणवेश दांडीवर वाळत घातल्यासारखा दिसायचा. हात-पाय तिचेच होते, पण ते तिला विचारून काही करत नसत. आणि तिच्या आईने नेमकी कादंबरी लिहिली होती. चार वर्षं खपून. कादंबरीची नायिका कोण? तर पंधरा वर्षांची, उंच, किडकिडीत आणि दिसेल त्या दारावर आपटणारी एक मुलगी.

"ती तू नाहीस," आई सांगायची.

"तिने पाहुण्यांच्या मांडीवर पाण्याचा जग ओतलाय!"

"पुष्कळ मुलींच्या हातून सांडतं."

"आणि मग पुसायला म्हणून टेबलावरचं कापड ओढून सगळ्या कपबशा खाली आणल्यात! तेही पुष्कळ मुली करतात?"

यावर आई पेनाला टोपण लावायची. म्हणजे चर्चा संपली.

काडीने कपबशा गिळल्या. शाळेच्या नाटकात पडद्यात गुंडाळली गेलेली नायिका गिळली. ते सगळं निदान घडलेलं होतं. पण नववं प्रकरण? नवव्या प्रकरणात नायिका जिन्याच्या कठड्यातून खाली वाकून बघते, तिचं डोकं दोन गजांमध्ये अडकतं आणि सगळी शाळा शेजारून उतरून जाते. हे कधी घडलंच नव्हतं! पण वर्गातल्या मुली पुस्तक वाचणार आणि धरून चालणार. केलेल्या वेंधळेपणाची लाज ती सोसत आली होती. न केलेल्याची का सोसायची?

म्हणून प्रकाशक घरी आले आणि चहाचा कप खाली ठेवत म्हणाले, "बाई, सगळं पटलं, फक्त नववं प्रकरण पटलं नाही," तेव्हा काडीला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं.

"काय पटलं नाही?" आईने विचारलं.

"पाच वर्षांचं पोर कठड्यात डोकं घालतं. पंधरा वर्षांची घोडी कशाला घालेल? आणि घातलं तरी जाणार कसं? काढून टाका ते."

"नववं काढलं तर पुस्तकाचा कणाच गेला. मग मला पुस्तकच काढायचं नाही."

आई असं उगीच बोलत नसे. तिचा चेहरा उतरला होता. काडीने तो पाहिला, तिला वाईटही वाटलं, पण जिंकायची इतकी सुंदर संधी पुन्हा कुठे मिळणार? त्या भरात ती डोकं न जाण्याचं ते वाक्य बोलून गेली.

तिघं जिन्यात आली. खालून चौथी पायरी. कठड्याचे लोखंडी गज, पलीकडे तळमजल्याची मोकळी जागा आणि भिंतीवर रांगेने टपालपेट्या. काडी गुडघ्यांवर बसली. "हे बघा काका, कान आडवे येतात," ती म्हणाली आणि तिने कपाळ गजांना टेकवून जरासा जोर लावला.

कान दुमडले. डोकं डब्याचं झाकण बसावं तसं टप्पकन पलीकडे गेलं.

"गेलं की!" प्रकाशक म्हणाले.

"गेलं," आई म्हणाली. तिचा चेहरा उजळल्याचं काडीला आवाजावरूनच कळलं.

"बरं, आता काढते," काडी म्हणाली.

पण कान पलीकडे जाऊन छत्रीसारखे उघडले होते. एकदा ओढलं, दोनदा ओढलं. मग ती अगदी बारीक आवाजात म्हणाली, "आई."

आई पायरीवर शेजारी बसली. "आधी काय दुखतं गं, कान की मान?"

"आई!"

"नाही, मी मान लिहिलीय, म्हणून विचारलं."

आवाज ऐकून समोरच्या काकू तेलाची बाटली घेऊन आल्या. "अगं बाई! काय शोधत होतीस तिथे?"

"काही नाही."

"मग डोकं कशाला घातलंस?"

"जात नाही, हे दाखवायला."

काकूंनी क्षणभर विचार केला आणि बाटली उपडी केली. मग खाली उतरून त्यांनी कपाळ मागे रेटलं, इकडून प्रकाशकांनी खांदे ओढले. काडीची मान लांबली, केस तेलाने चिंब झाले, नाकावरून थेंब ठिबकू लागले. डोकं होतं तिथेच!

"जोर लावा हो!" काकू खालून ओरडल्या.

"मी पुस्तकं छापतो, बाई! मुली उपटत नाही!"

त्याच वेळी वरच्या मजल्यावरची शिकवणी सुटली. पंधरा-वीस चपला धडधड खाली आल्या आणि चौथ्या पायरीशी मंदावल्या. अर्धा वर्ग तिचाच होता.

"काय करतेयस?" एका मुलीने विचारलं.

"टपालपेट्यांवरची नावं वाचतेय," काडी म्हणाली. तेल डोळ्यात गेल्यामुळे एकही नाव दिसत नव्हतं.

"बरं," ती मुलगी म्हणाली आणि बाकीच्यांसारखीच अंग चोरून शेजारून उतरली. हसण्याचा स्फोट फाटकाबाहेर झाला.

"बाई," प्रकाशक कुजबुजले, "हेही प्रकरणात आहे!"

"मी शाळा लिहिलीय," आई म्हणाली. "शिकवणी जास्त बरी. बदलते."

मग ती अग्निशामक दलाला फोन करायला वर गेली. तिचा आवाज जिन्यात ऐकू येत होता. "नाही हो, आग नाही. मुलगी आहे!" काकू बर्फ आणायला गेल्या. प्रकाशकांनी पिशवीतून नववं प्रकरण काढलं आणि वरच्या पायरीवर बसून ते नव्या आदराने वाचू लागले.

काडी एकटी राहिली. आता रडायला हरकत नव्हती. पण रडू यायच्या आधी तिच्या मनात एक गोष्ट आली. सगळे आपल्याला मागेच का ओढताहेत? कुशीवर वळलं तर आपल्या अंगात सगळ्यात रुंद काय आहे? डोकं. ते तर गेलंय. पुढे उरलीय ती नुसती काडी!

तिने अंग तिरपं केलं, एक हात पुढे घातला, मग खांदा. श्वास सोडला. तेल होतंच. बरगड्या एकेक करून खरवडत निघाल्या, कंबर जराशी अडली आणि सुटली, आणि काडी दोन्ही हातांवर पलीकडे तळमजल्यावर उतरली. उठून तिने फ्रॉक झटकला. आयुष्यात पहिल्यांदाच ती कशावरही न आपटता कुठून तरी बाहेर आली होती.

प्रकाशकांनी मान वर केली. पायरी रिकामी होती.

"तू... तिकडे कशी?"

"पुढून," काडी म्हणाली.

तेवढ्यात बंब आला. "अडकलेली मुलगी कुठाय?" पुढच्या जवानाने विचारलं.

"ही," आई धावत खाली येत म्हणाली.

"ही तर उभीय!" तो वैतागला आणि कोणाची तरी चूक असल्यासारखा कठड्याकडे बघत राहिला.

आईने तेलकट काडीला जवळ घेतलं आणि तिच्या डोक्यावरून प्रकाशकांना म्हणाली, "शेवट बदलायचा. कोणी सोडवत नाही तिला. तीच पुढे जाते."

प्रकाशकांनी मान हलवली. "नाही बाई. अडकते, ते पटलं. डोळ्यांनी पाहिलं. पण अशी सुटते, हे कोणी खरं मानणार नाही. बंबवाले घाला."

पुस्तक निघालं. नववं प्रकरण राहिलं, त्यात बंबवाले आले.

पुष्कळ वर्षांनी आई वारली. आता काडीला भेटायला येणाऱ्यांमध्ये आईचे वाचकही असतात. चहा घेता घेता ते हळूच विचारतात, "तुम्हाला खरंच बंबवाल्यांनी सोडवलं?" सुरुवातीला काडी खरं सांगायची. मग ते तिच्या आजच्या कमरेकडे बघायचे आणि सौजन्याने विषय बदलायचे.

आता ती सांगते, "हो, दोघे होते. एकाला मिशा होत्या."

खऱ्याला नव्हत्या. त्या आईने पुस्तकात लावल्या. पण शोभतात!