विरहाची बोंडअळी

"मुखपृष्ठ पाहताच वाचक जागच्या जागी थिजला पाहिजे!" अनंतराव गरजले.

परभणीत तीस वर्षं मराठी शिकवून निवृत्त झालेल्या अनंतरावांचा हा पहिलाच कवितासंग्रह. नाव 'आतून पोखरताना'. विरहाच्या एकसष्ट कविता! चित्राची कल्पनाही त्यांचीच. कापसाचं बोंड म्हणजे हृदय, आणि त्यात तोंड खुपसून बसलेली गुलाबी अळी म्हणजे विरह.

"थिजेल हो बाबा," त्यांची मुलगी स्वरदा म्हणाली, "पण आत कविता आहेत हे त्याला कळायला नको? निदान 'कवितासंग्रह' तरी ठळक छापा."

"ठळक? हे पुस्तक आहे का सर्कशीची जाहिरात!"

तो शब्द मुंगीएवढा होऊन मागच्या कोपऱ्यात गेला.

पुस्तक निघालं आणि आठवड्यात देवगाव फाट्यावरच्या बजरंग नावाच्या दुकानदाराने पन्नास प्रती मागवल्या. लगेच आणखी पन्नास! अनंतराव हवेत! "पुण्याला काय विचारता, रसिक फाट्यावर आहेत!" म्हणत ते रसिकांना भेटायला निघाले.

बजरंगचं दुकान बियाणं आणि फवारणीच्या औषधांचं आहे, हे त्यांना एसटीतून उतरल्यावर कळलं. दारातच किशनराव नावाचे शेतकरी पुस्तकाची सुरळी करून उभे होते.

"तुमीच का लिवणारे? चाळीस पानं वाचली गुरुजी! अळी कशानं मरती, ते कुठंच न्हाई!"

"अहो, ती अळी म्हणजे विरह!"

"असंल. त्याच्यावर फवारायचं काय?"

"काही नाही! तो सोसायचा असतो!"

"सोसायचा? उभा कापूस खायलीय अन् सोसायचा?"

गर्दी जमली. सगळ्यांच्या हातात विरह! तेवढ्यात चतुराबाई नावाच्या एक शेतकरीण कोपरानं वाट काढत पुढं आल्या.

"आमचा मालक आठ दिस झालं बांधावर बसून हेच वाचायलाय! ह्यातली ही सखी कोण हो?"

"बाई, ती माझी कल्पना आहे!"

"कल्पना? म्हंजी नाव बी ठावं हाय तुमाला!"

अनंतरावांचा तोल सुटला. "पुस्तक घेताना दोन पानं उलटून बघायला काय झालं होतं? नुसतं चित्र बघून घेता?"

"चित्र कुणी काढून घेतलं, आमी का तुमी?" किशनरावांनी शांतपणे विचारलं.

तीस वर्षं वर्गाला प्रश्न विचारणारे अनंतराव प्रत उलटी करून मागच्या कोपऱ्यातला 'कवितासंग्रह' शोधू लागले. बजरंगनं परत आलेल्या प्रती एका खोक्यात कोंबून त्यांच्या पायाशी आणून ठेवल्या.

खोकं उचलून ते परभणीच्या गाडीत चढायला लागले, तर कंडक्टर आडवा आला. वरच्या प्रतीवरची अळी त्यानं लांबूनच हेरली होती.

"काका, फवारणीचं औषध गाडीत चालत न्हाई!"

"औषध नाही हो," अनंतराव खालच्या आवाजात म्हणाले, "कविता आहेत."

कंडक्टरनं त्यांना पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं.

"चढा. पण वाचून दाखवायच्या न्हाईत!"